अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज फाटतो? आधी केव्हा फाटतो ते बघा

घरच्या सेटचा आवाज फाटायला लागला की बहुतेकांना एकच उपाय सुचतो: आणखी मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा. तो येतो, थंडीचे दिवस बरे जातात आणि एप्रिलमध्ये तीच तक्रार पुन्हा सुरू होते. ‘आवाज फाटतो’ या दोन शब्दांखाली सात-आठ वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. त्यातले निम्मे अ‍ॅम्प बदलून जात नाहीत, कारण ते अ‍ॅम्पमध्ये नसतातच.

म्हणून पेचकस हातात घेण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून काढा. आवाज किती मोठा केल्यावर फाटतो? सेट सुरू केल्यावर लगेच, की अर्ध्या तासाने? एका बाजूचा, की दोन्ही बाजूंचा? आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? दुरुस्तीवाल्याकडे सेट नेऊन ‘खराब वाजतोय’ एवढंच सांगितलं, तर तो हाताला लागेल तो आयसी बदलून देईल. ही चार उत्तरं दिलीत तर त्याचं अर्धं काम तिथेच होतं.

पहिली पंधरा मिनिटं: अदलाबदल

सुरुवात मोबाइलपासून करा. इक्वलायझर, ‘बेस बूस्ट’, आवाज वाढवणारी अ‍ॅप्स, सराउंडचे खेळ, सगळं बंद. इक्वलायझरमध्ये बेसची पट्टी १० डीबी (डेसिबल) वर नेली की त्या सुरांसाठी अ‍ॅम्पकडे दहापट वॅट मागितले जातात, दीडपट-दुप्पट नव्हे. आवाज ‘थोडासा भरदार’ करायला म्हणून वर नेलेली ही पट्टी घरगुती सेटमध्ये फाटण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. त्यानंतर ब्लूटूथ सोडून वायरने वाजवून बघा आणि एखादं वेगळं, स्वच्छ रेकॉर्डिंग लावा. काही गाणी मुळातच चेपून, कडा छाटून बाजारात येतात. ती कोणत्याही सेटवर कर्कशच वाजणार.

एकाच बाजूचा आवाज खराब असेल तर सेट बंद करून मागच्या इनपुटच्या डाव्या-उजव्या पिना आपसात बदला. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर तो मोबाइलमध्ये, टीव्हीत किंवा त्या वायरीत आहे. जागचा हलला नाही तर पिना पूर्ववत लावून सेटच्या मागे स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. आता तोच स्पीकर खराब वाजत राहिला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा, दुसरा खराब वाजू लागला तर अ‍ॅम्प. इतकं सोपं असूनही हे क्वचितच कुणी करतं.

स्पीकर संशयित ठरला तर जाळी काढा. कोनावर मध्याच्या दोन्ही बाजूंनी समान अंतरावर बोटं टेकवून हलकेच आत दाबा. कोन गुपचूप आत-बाहेर झाला पाहिजे. ‘खस्स’ असा घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं) चुंबकाच्या फटीत घासतेय. ती जास्त तापून फुगलेली असते, नाहीतर स्पायडर (कॉइलला मधोमध धरून ठेवणारी चकती) एका बाजूला बसलेला असतो. कडेचा फोम बोटाने चुरगळून पिठासारखा झाला तर त्याचं आयुष्य संपलं. नवा फोम किंवा रबराची कड बसवून मिळते. वायरी सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. आकडा याहून बराच वर-खाली असेल, किंवा कोन दाबताना नाचत असेल, तर कॉइलची तार किंवा कोनावरून जाणारी वेणी तुटायला आली आहे.

मोठ्या आवाजाला फाटतो: इथे गणित करावंच लागतं

अ‍ॅम्पच्या आत जेवढे डीसी व्होल्ट आहेत त्याच्या पलीकडे लहर जाऊ शकत नाही. गाण्यातली उसळी त्या छतावर आपटली की तिचा माथा सपाट होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि ‘फुल्ल केल्यावर फाटतो’ या तक्रारीचं हेच मूळ.

८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर २० व्होल्ट आरएमएस (एसीचं प्रभावी मूल्य) लागतात, म्हणजे शिखर सुमारे २८ व्होल्ट. आता आपल्या सोलापूर शहरात जुळवून विकल्या जाणाऱ्या सेटचं झाकण उघडा. आत १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर १२ ला १.४१ ने गुणा: १७ व्होल्ट. डायोडमध्ये एक गेला, लोड आल्यावर आणि ट्रान्सिस्टरमध्ये मिळून आणखी तीन गेले. हातात उरलं १३ व्होल्टचं शिखर. १३ चा वर्ग १६९, भागिले १६ (ओहमची दुप्पट), म्हणजे ८ ओहमवर साडेदहा वॅट. डब्यावर १२० छापलेलं असो की १२००. हेच गणित २४-०-२४ ला केलं तर शिखर २९ च्या आसपास येतं आणि ५० वॅटच्या थोडं वर मिळतात. ट्रान्सफॉर्मरवरचे व्होल्ट वाचता आले की बाकीची जाहिरात वाचायची गरज राहत नाही.

आयसीवरूनही अंदाज बांधता येतो. ४४४० या आयसीचा किट, जो अजूनही सगळीकडे चालतो, तो १३.२ व्होल्टवर, ४ ओहमला, दोन चॅनेल प्रत्येकी ६ वॅट देतो. दोन्ही जोडून ब्रिज केला तर १९. आणि हे आकडेही १० टक्के डिस्टॉर्शन (लहर बिघडण्याचं प्रमाण) धरून काढलेले, म्हणजे आवाज उघड फाटलेला असताना मोजलेले. १० टक्क्यांवर मोजलेला वॅट १ टक्क्यावरच्या वॅटपेक्षा साधारण पाव हिश्श्याने फुगलेला असतो. म्हणून आकड्याशेजारी टक्का लिहिलेला नसेल तर आकडा मनातल्या मनात उतरवून वाचा. पीएमपीओ नावाच्या वॅटला मोजण्याची कोणतीही मान्य पद्धत नाही, तो सरळ सोडून द्या.

सध्या टीपीए ३११६ या आयसीचे छोटे क्लास डी (स्विचिंग पद्धतीने चालणारे, कमी तापणारे) बोर्ड खूप खपतात. बोर्ड चांगला आहे. घोळ अ‍ॅडॉप्टरचा आहे. या आयसीचे ‘५० अधिक ५० वॅट’ २१ व्होल्टवर आणि ४ ओहमला आहेत. घरात राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडलेला असतो, तोच लावला जातो, आणि ८ ओहमवर जेमतेम ७ वॅट निघतात. मग ‘चायना माल’ म्हणून शिव्या खातो बोर्ड. २४ व्होल्ट, ५ अँपियरचा खरा अ‍ॅडॉप्टर लावा. खरा यासाठी की हलक्या अ‍ॅडॉप्टरचे २४ व्होल्ट बेसच्या ठोक्याला १८ वर येतात. गाणं वाजत असताना मीटर लावून बघा, लगेच कळेल.

आणखी एक गैरसमज व्हॉल्यूमच्या बटणाचा. बटण अर्ध्यावर म्हणजे ताकद अर्धी, असं मुळीच नाही. समजा अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीसाठी इनपुटला अर्धा व्होल्ट पुरतो आणि डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारी डबी) किंवा सीडी प्लेयर २ व्होल्ट देतोय. तो चौपट, म्हणजे १२ डीबी जास्त आहे. मग बटण घड्याळातल्या दहावर असतानाच छत गाठलं जातं, आणि पुढचा सगळा फेरा नुसता फाटण्याचा. मोबाइल मात्र ८०-९० टक्क्यांवर ठेवून बाकीचा आवाज अ‍ॅम्पवर वाढवावा. मोबाइल ३० टक्क्यांवर आणि अ‍ॅम्प पूर्ण, असं केलं की सुसाट हिस्स ऐकू येतो.

आपल्या सेटची सीमा शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकर सोडवा. मोबाइलवर १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलला लावा आणि बटण हळूहळू फिरवा. अ‍ॅम्प ८ ओहमला ३० वॅटचा असेल तर १५.५ व्होल्ट दिसतील तिथे थांबा आणि बटणाशेजारी बारीक खूण करा. त्या खुणेच्या पुढे जायचं नाही. लोड नसताना व्होल्ट टिकून राहतात, तेव्हा खूण दाखवलेल्या जागेच्या जराशी अलीकडेच करावी. सोर्स बदलला, म्हणजे मोबाइलऐवजी टीव्ही लावला, की खूण बदलते हेही ध्यानात असू द्या.

क्लिपिंगने ट्वीटर (बारीक सुरांचे छोटे स्पीकर) जळतात ते ‘डीसी जातो’ म्हणून नव्हे. बेसचा माथा छताला टेकला तरी बारीक सूर वाढतच राहतात, शिवाय सपाट माथ्यातून नवे तीव्र सूर तयार होतात. पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या साइन लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. बिचारा ट्वीटर दोन-चार वॅटसाठी बनवलेला असतो. त्यामुळे लहान अ‍ॅम्प सतत फाटेपर्यंत वाजवला तर तो मोठ्या स्पीकरचाही ट्वीटर जाळतो.

अर्ध्या तासाने, आणि दुपारी: उष्णता

सोलापुरातली ही खास तक्रार. सकाळी सेट उत्तम, मे महिन्यात दुपारी तीनला आवाज घोगरा होतो किंवा मधेच गप्प बसतो, पाच मिनिटांनी आपोआप परत येतो. आयसी बिघडलेला नसतो. तो स्वतःला वाचवत असतो.

टीडीए ७२९४ हा आयसी घेऊ. तो १४५ अंशांना म्यूट होतो आणि १५० ला पूर्ण बंद. अधिक-उणे ३५ व्होल्ट आणि ८ ओहमवर एका चॅनेलमध्ये सर्वाधिक ३१ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, आणि गंमत म्हणजे ती पूर्ण आवाजाला नव्हे, त्याच्या बरीच आधी. हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा पट्ट्यांचा धातूचा ठोकळा) १.५ अंश प्रतिवॅटचा असेल तर तोच खोलीपेक्षा ४६ अंश वर जातो. आयसीच्या चिपपासून पाठीपर्यंत आणखी १.५, आयसी आणि हीटसिंकमधला अभ्रकाचा तुकडा आणि पेस्ट मिळून अर्धा. बेरीज करा: खोली २५ अंशांना असताना चिप १३४ वर, आणि ४२ अंशांना १५१ वर. डिसेंबरमध्ये बिनतक्रार चालणारा सेट मेमध्ये का गप्प होतो, याचं उत्तर या सतरा अंशांत आहे. गाण्यात उष्णता सतत एवढी नसते हे खरं, पण बेस चढवून फाटण्याच्या सीमेवर तासभर चालवलेला सेट या आकड्याच्या जवळ पोचतोच. दोन्ही चॅनेल एकाच हीटसिंकवर बसवले असतील तर हीटसिंक दुप्पट लागतो. जुळणीवाले इथेच काटकसर करतात.

उपाय करताना क्रम पाळा. सेट काचेच्या शोकेसमधून बाहेर काढा, वरती किमान चार बोटं जागा मोकळी ठेवा, आणि त्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. हीटसिंकच्या पट्ट्या उभ्या असल्या पाहिजेत. आडव्या बसवल्या तर गरम हवा अडकते. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे शेजारी यंत्रमाग किंवा टॉवेलचा कारखाना आहे, तिथे पट्ट्यांमध्ये आणि पंख्यावर सुताची तूस बसून नमद्यासारखा थर होतो. वर्षातून दोनदा, प्लग काढून, मऊ ब्रशने तो काढावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं. मग स्क्रू सैल झालेत का ते बघा, आणि पांढरी पेस्ट वाळून खपली झाली असेल तर ती स्पिरिटने पुसून नवी लावा. पातळ थर, लोण्यासारखा नाही. टीडीए ७२९४ ची धातूची पाठ आतून उणे सप्लायला जोडलेली असते, त्यामुळे अभ्रक विसरलात आणि हीटसिंक डब्याला टेकला तर सरळ शॉर्ट.

एवढं करूनही भागत नसेल तर १२ व्होल्टचा ८० मिलिमीटर पंखा ८-९ व्होल्टवर चालवा. आवाज ऐकू येत नाही आणि तापमान लक्षणीय उतरतं.

उष्णतेचा दुसरा, सावकाश बळी म्हणजे फिल्टर कपॅसिटर (सप्लायचा डीसी सपाट करणारे). अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला निम्मं होतं. ८५ अंशांचे काढून त्याच मायक्रोफॅरडचे १०५ अंशांचे बसवणं ही आपल्या हवेत वायफळ चैन नाही. व्होल्टही बघा: ३५ व्होल्टच्या सप्लायवर ५०चाच कपॅसिटर हवा, कारण रात्री लाइन २५० वर गेली की तो सप्लाय ३८ होतो. कपॅसिटरचा माथा फुगला असेल, किंवा बेसच्या ठोक्याला आवाज दबून गुरगुर येत असेल, तर तपासणीची गरज नाही, बदला. आत हात घालण्याआधी १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर टोकांना लावून तो रिकामा करा; पेचकसाने ठिणगी पाडण्याची पद्धत कपॅसिटरला आणि डोळ्यांना दोन्हींना वाईट.

तापल्यावरच एका बाजूला खरखर येत असेल आणि डब्यावर टिचकी मारली की जात असेल, तर तो ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला डाक. आयसीच्या आणि स्पीकर कनेक्टरच्या पायांभोवती बारीक काळी रिंग दिसते. नुसतं तापवून सोडू नका, जुनं शिसं ओढून नवं घाला.

संध्याकाळी फाटतो: लाइन

ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटचा सप्लाय लाइनबरोबर खाली-वर होतो. २३० चे २०० झाले की आतले व्होल्ट १३ टक्क्यांनी घटतात, आणि वॅट वर्गाने घटत असल्यामुळे ५० चे ३८ होतात. दुपारी जी पातळी स्वच्छ होती तीच संध्याकाळी फाटते. दोन दिवस वेगवेगळ्या वेळी प्लगवर मीटर लावून आकडे लिहा. फरक दिसला तर सेटच्या वॅटच्या तिप्पट क्षमतेचा स्टॅबिलायझर पुरे. मात्र रिलेचा स्टॅबिलायझर टप्पा बदलताना स्पीकरमधून ‘टक’ देतो, तो बिघाड समजू नये. एसएमपीएस (व्होल्ट स्थिर ठेवणारा स्विचिंग सप्लाय) असलेल्या क्लास डी अ‍ॅम्पना हा त्रास जवळपास होत नाही.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर भुणभुण येत असेल तर ती त्याच्या चौकोनी लहरीची. तिचं शिखर साइन लहरीपेक्षा खाली असल्याने ताकदही कमी मिळते. साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच इलाज, अ‍ॅम्पमध्ये शोधत बसू नका.

हळू आवाजात खरखर, मोठा केला की साफ

हे उलटं लक्षण फार बोलकं असतं. रात्री हळू लावलं की एक बाजू घोगरी किंवा गायब, आवाज वाढवला की ‘टप्’ होऊन एकदम स्वच्छ: नव्वद-शंभर गाणी ऐकण्याची गरज नाही, हा स्पीकर रिले (स्पीकर जोडणारा विजेवरचा स्विच) आहे. त्याच्या संपर्कावर काजळी धरलेली असते. जास्त व्होल्ट ती भेदतात, कमी व्होल्ट अडकतात. कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरने ओली करून संपर्कांत ओढली तर काही महिने निघतात. सँडपेपर मारलात तर वरचा मुलामा जाईल आणि आठवड्यात पुन्हा तेच. रिले स्वस्त असतो. तेवढ्याच व्होल्टच्या कॉइलचा, तेवढ्याच पिनांचा नवा बसवणं शहाणपणाचं.

बटण फिरवतानाच फक्त खरखर येत असेल तर व्हॉल्यूम पॉटमध्ये (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत, मग वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. खोबरेल तेल किंवा रॉकेल घालणाऱ्यांचा पॉट महिन्याभरात चिकट होऊन कायमचा जातो.

दोन्ही बाजूंना, कायम, हळू आवाजात बासरी किंवा तंबोरा वाळू मिसळल्यासारखा वाजत असेल तर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनचा संशय घ्या. क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये वरचा ट्रान्सिस्टर लहर सोडतो आणि खालचा पकडतो. मधल्या क्षणी दोघंही थोडे जागे हवेत. ती जाग म्हणजे बायस. स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, सेट पंधरा मिनिटं तापू द्या. मग एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजा. ०.२२ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे ४५ मिलिअँपियर. किती हवेत हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. शून्य दिसलं तर दोष सापडला. बायसचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवण्याआधी त्याची मूळ जागा मार्करने आखा आणि केसभरच फिरवा. एका झटक्यात बायस चढवला तर आउटपुटची जोडी धूर सोडते.

त्याच बसणीत डीसी ऑफसेटही बघून घ्या: स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्ट. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या वर गेला तर शोध घ्या, आणि पूर्ण व्होल्टांत असेल तर स्पीकर जोडूच नका.

हम

सतत गुणगुण, म्हणजे हम येत असेल तर सगळ्या इनपुट पिना काढा. हम गेला तर तो ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा करंट), राहिला तर सप्लायचा. सप्लायचा १०० हर्ट्झचा हम बटण फिरवलं तरी बदलत नाही: फिल्टर कपॅसिटर. लूप असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल उपसून बघा, बहुधा तिथेच सापडतो. टीव्ही आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डवर लावा, तरी राहिला तर ऑडिओ लाइनला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तिसरी पिन कापणं हा उपाय नव्हे, तो मृत्यूला आमंत्रण आहे. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३ व्होल्टांहून जास्त दिसले तर वायरमन बोलवा. उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि अर्थ नावापुरता राहतो; खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घातलं तरी फरक पडतो.

स्पीकर वाढवले आणि घोटाळा झाला

हळदीच्या दिवशी घरचा सेट गच्चीवर जातो, शेजारचे दोन स्पीकर येतात आणि सगळे एकाच टर्मिनलला जोडले जातात. ८ ओहमचे दोन समांतर म्हणजे ४, चार म्हणजे २ ओहम. ४ ओहमपर्यंतच्या अ‍ॅम्पला २ ओहम दिले की करंट दुप्पट, फाटणं लगेच, आणि तासाभरात आउटपुट शॉर्ट. चार स्पीकर लावायचेच तर दोन-दोन सिरीजमध्ये करून त्या जोड्या समांतर जोडा. पुन्हा ८ ओहम मिळतात. ब्रिज आउटपुटच्या अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे टीपीए ३११६ सारख्या बहुतेक बोर्डांत, डाव्या-उजव्या बाजूंच्या काळ्या वायरी एकत्र करू नका आणि डब्यालाही टेकवू नका. तिथे काळी वायर म्हणजे ग्राउंड नसतं.

वायर तांब्याची दीड चौरस एमएम घ्या: दहा मीटर अंतराला जाऊन-येऊन पाव ओहमच्या आत बसते. अर्धा चौरस एमएमची बारीक वायर तेवढ्याच अंतराला पाऊण ओहम खाते आणि ४ ओहमच्या स्पीकरचा बेस ढिला करते. तार खरडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे.

आणि कधी कधी फाटतं ते घरच. लोखंडी कपाटाचं दार, मांडणीतल्या ताटल्या, पत्र्याचं छप्पर एखाद्या ठराविक सुराला थरथरतं. १२ फुटांची भिंत ४७-४८ हर्ट्झला घुमते, १० फुटांची ५६-५७ ला. ३० ते १५० हर्ट्झचा टोन हळूहळू सरकवा आणि खोलीत फिरून कुठलं भांडं बोलतं ते हाताने दाबून शोधा. शहाबादी फरशीवर जाड सोलापुरी चादर अंथरली तर टाळ्यांचा चुरचुरीत पडसाद मवाळ होतो, बेसच्या घुमण्याला मात्र तिचा उपयोग नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे घ्या.

नवाच घ्यायचा ठरला तर

किती वॅट लागतात हे स्पीकर सांगतो. स्पीकरवर ८७ डीबी संवेदनशीलता (एक वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) लिहिली आहे, बसायची जागा अडीच मीटरवर आहे, आणि गाण्यातली उसळी कानाशी ९५ डीबी हवी, म्हणजे भरपूर. अंतरापायी ८ डीबी जातात, दोन स्पीकर मिळून ३ परत देतात. लागले १०० डीबी, ८७ च्या वर १३. तेरा डीबी म्हणजे वीसपट, म्हणजे २० वॅट. बैठकीच्या खोलीला खरे ३० ते ५० वॅट भरपूर झाले. स्पीकर ८३ डीबीचा असेल तर हाच आकडा ५० वर जातो, आणि ९१ चा असेल तर ८ वर येतो. म्हणून ५० वरून १०० वॅटचा अ‍ॅम्प घेण्यात पैसे घालण्यापेक्षा ४ डीबी जास्त संवेदनशील स्पीकर घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. वॅट दुप्पट करून मिळतात फक्त ३ डीबी.

दुकानात मागची पट्टी वाचा. ‘पॉवर कन्झम्प्शन ४० वॅट’ लिहिलेला अ‍ॅम्प स्पीकरला सतत १०० वॅट देऊ शकत नाही; क्लास एबी ओढलेल्या विजेतला साठेक टक्के भाग देतो, क्लास डी ८५ ते ९०. किती ओहमवर, किती टक्के डिस्टॉर्शनला, एक चॅनेल चालू असताना की दोन्ही, हे तीन प्रश्न विचारा. उन्हाची झळ लागणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या घरात क्लास डी घ्यावा असं स्पष्ट मत आहे. कमी तापतो, लाइनला जुमानत नाही.

जुळवलेला सेट घ्यायचा तर सी ५२०० आणि ए १९४३ या आउटपुट ट्रान्सिस्टरांची जोडी खरी आहे का ते विचारा. अस्सल ट्रान्सिस्टर २३० व्होल्ट, १५ अँपियरचा असतो. बाजारात नकली इतके आहेत की खूप स्वस्त मिळाला हीच खूण समजावी. दुरुस्तीहून आलेला किंवा नवा जुळवलेला सेट पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, ६० वॅटच्या साध्या फिलामेंटच्या बल्बमधून सुरू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि ट्रान्सिस्टर अजून वाचलेत.

ऐकायला जाताना आपले स्पीकर आणि आपलं गाणं बरोबर न्या. एसी दुकानात दोन मिनिटं ऐकून काही कळत नाही. अर्धा तास घरी वाजवतो त्या पातळीला वाजू द्या, मग हीटसिंकवर बोट ठेवा. तीन सेकंद टेकवता आलं नाही तर हीटसिंक साठ अंशांच्या आसपास आहे. तुमच्या घरी मे महिन्यात तो किती होईल ते दुकानातल्या एसीचा आकडा वाचून तिथेच मोजता येईल.